पंख्यांचे साडेचौदा टन

शीतगृहाच्या यंत्रघरात शक्तीची दोन मोजमापं शेजारी शेजारी नांदतात. मोटरच्या पाटीवर एचपी असतो, यंत्राच्या कागदावर टन असतो. मोटर किती जोर लावते ते एचपीत कळतं, खोलीतली उष्णता किती वेगाने उपसली जाते ते टनांत. मुळात दोन्ही एकच गोष्ट मोजतात: ठरावीक वेळात किती ऊर्जा इकडून तिकडे गेली. पण कामावर ही दोन मोजमापं क्वचितच एका कागदावर येतात. वायरमन एचपी बघतो, रेफ्रिजरेशनवाला टन बघतो, आणि दोघांच्या मधल्या जागेकडे कोणाचं लक्ष नसतं. माझं कामाचं आयुष्य बहुतेक त्या मधल्या जागेत गेलं. आधी कोकणात बर्फ कारखान्यावर, मग नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये.

या धंद्यात काही आकडे पाठच होतात. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तासाला ६४१ किलोकॅलरी. एक टन म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी, किंवा १२,००० बीटीयू, किंवा साडेतीन किलोवॉटपेक्षा किंचित जास्त. युरोपातल्या आणि जपानच्या जुन्या कॅटलॉगांत एचपी ६३२ किलोकॅलरींचा निघतो, कारण तो मेट्रिक एचपी: सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणारा. ६३२ की ६४१ यावर मी लोकांना तावातावाने भांडताना पाहिलं आहे. फरक दीड टक्क्याचाही नाही. दार दोनदा जास्त उघडलं तर त्याहून मोठा फरक पडतो. खरा प्रश्न आकड्याचा नसतोच. एचपीकडून उष्णतेकडे जायचं की उष्णतेकडून एचपीकडे, की एचपी वापरून उष्णता नुसती हलवायची, हे आधी ठरवावं लागतं. तक्त्यातलं बरोबरीचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. यंत्रांना ते तसं दिसत नाही.

टनाची ओळख मला रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात झाली. समुद्रात जाण्याआधी बोटी बर्फ भरून घेतात, त्यामुळे पहाटे कारखान्याच्या दारात गर्दी. आत अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी, तिच्यात पाण्याने भरलेले डबे उभे केलेले, वर लाकडी झाकणं. तिथल्या फोरमनना सगळे काका म्हणत. मी नवा होतो. काकांनी खडूचा तुकडा माझ्या हातात दिला आणि झाकणावरच मांडायला सांगितलं की टन म्हणजे ३०२४ हे कुठून आलं.

हिशेब सरळ आहे. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचं शून्य अंशाचंच बर्फ करायचं तर ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. एक टन पाण्याचं चोवीस तासांत बर्फ करायचं, म्हणजे एक टन शीतक्षमता. मात्र हा टन आपला हजार किलोंचा नाही. अमेरिकेतला दोन हजार पौंडांचा आहे, ९०७ किलोंचा. ९०७ गुणिले ८०, भागिले २४. उत्तर ३०२४ च्या काठावर येतं.

अमेरिकेतला का, तर बर्फाचा मोठा व्यापार तिथे उभा राहिला होता. थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून लाद्या कापायच्या, भुशात गुंडाळायच्या आणि जहाजाने जगभर पाठवायच्या. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचं जहाज १८३३ मध्ये बॉस्टनहून बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं. पुढे मुंबईतही असं बर्फ येऊ लागलं. नंतर बर्फ करणारी यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न साहजिक होता: हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचं काम करतं? ते उत्तर पुढे एकक होऊन बसलं. आज घरातल्या दीड टनाच्या एसीच्या नावात तोच बर्फ आहे.

काका पुढचं विचारायचे ते जास्त मोलाचं होतं. आपला कारखाना दिवसाला वीस टन बर्फाचा, मग यंत्र किती टनांचं हवं? नवा माणूस हमखास वीस म्हणतो. पण रत्नागिरीत पाणी शून्य अंशावर कुठे मिळतं? ते तीस अंशांचं येतं, त्याला शून्यावर आणायला किलोमागे तीस किलोकॅलरी. मग गोठवायला ८०. पुढे लादी उणे आठपर्यंत खाली न्यायची, नाहीतर बोटीत भरेपर्यंत ती पाझरायला लागते; त्याच्या आणखी चार. झाल्या ११४. वीस हजार किलोंना गुणा, चोवीस तासांनी भागा: तासाला ९५,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेएकतीस टन. टाकीच्या भिंती, मिठाचं पाणी ढवळणारा पंखा, डबे काढताना होणारं नुकसान धरलं की छत्तीस. वीस टन बर्फाला छत्तीस टनांचं यंत्र.

त्या यादीतल्या ढवळणाऱ्या पंख्याकडे तेव्हा माझं फारसं लक्ष गेलं नाही. टाकीतलं मिठाचं पाणी फिरतं ठेवायला तो लागतोच. त्याची मोटर लहान, टाकी प्रचंड. त्याच्या उष्णतेचा वाटा छत्तिसात विरून जातो. पंखा हा हिशेबातला मोठा भिडू होऊ शकतो हे कळलं ते नाशिकला.

निर्यातीची द्राक्षं वेलावरून उतरल्यावर जितक्या लवकर थंड होतील तितकी टिकतात. देठ हिरवे राहतात, मणी गळत नाहीत. माल पॅक झाला की थेट प्रीकूलिंगच्या खोलीत जातो. पेट्यांच्या पॅलेटच्या दोन रांगा लावतात, मधल्या बोळावर ताडपत्री टाकतात आणि टोकाचा पंखा त्या बोळातली हवा ओढतो. मग खोलीतली थंड हवा पेट्यांच्या भोकांतून, घडांच्या मधून वाट काढत आत येते. पेट्या दाटीने रचलेल्या, आत कागद आणि पिशव्या, त्यामुळे हवेला अडथळा बराच. साध्या कोल्ड स्टोरेजला पुरणारा पंखा इथे पुरत नाही, दाब देणारा मोठा पंखा लागतो.

एका पेटीची गोष्ट करू. पाच किलो द्राक्षं, मण्याच्या आत २६ अंश. ती २ अंशांवर न्यायची. द्राक्षाला किलोमागे अंशाला साधारण ०.८६ किलोकॅलरी धरतात, म्हणजे पेटीमागे १०३ किलोकॅलरी. ऐकायला क्षुल्लक वाटतं. आता यांत्रिक बाजूने बघा. एक किलोकॅलरी म्हणजे ४२७ किलो वजन एक मीटर उचलण्याचं काम. १०३ किलोकॅलरींत तीच पाच किलोची पेटी पावणेनऊ किलोमीटर उंच नेता येईल. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरवर आहे. त्याच्या पाचपटीहून जास्त. हा आकडा मी बागाईतदारांना आवर्जून सांगतो, कारण उष्णता दिसत नाही म्हणून ती किरकोळ वाटते. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत पेटीमागे आणखी चार-पाच अंश चढले तर ते उतरवायला किती काम पडतं याचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाउसमधून फोन आला तो हंगाम ऐन भरात असताना. तक्रार अशी की माल दोन अंशांवर यायला सहाऐवजी बारा-तेरा तास लागतात. रात्री भरायचा कंटेनर सकाळपर्यंत उभा राहतो, पुढे न्हावाशेव्याची वेळ चुकायची भीती. प्रीकूलिंगच्या दोन खोल्या, प्रत्येकीत सात टन माल, दोन्हींना मिळून २५ टनांचं अमोनिया यंत्र. मालकांचं मत ठरून गेलं होतं: कॉम्प्रेसर थकला, मोठा घ्यावा लागणार.

मी आधी माल मोजला. सात हजार किलो, २४ अंशांची उतरण, सहा तास: सरासरी तासाला चोवीस हजार किलोकॅलरी, म्हणजे खोलीमागे आठ टन. दोन खोल्यांचे सोळा. भिंती, दार, दिवे, माणसं यांचे दोन. अठरा झाले. २५ मधून उरले सात. म्हणजे यंत्र लहान नव्हतं. मग बारा तास का?

खोलीत शिरलो तर वाऱ्याने कागद उडून गेला. पूर्वी प्रत्येक खोलीत पंधरा एचपीचे पंखे होते. हंगामाच्या सुरुवातीला सहाचे सात-आठ तास व्हायला लागले, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून प्रत्येक खोलीत आणखी पंधरा एचपीचे पंखे बसवले. हवा जास्त फिरली की माल लवकर गार होईल, असा साधा विचार. अर्धा खराही: हवेचा वेग वाढला की मण्याची उष्णता लवकर सुटते. पण त्या हवेला जोर देणारा एचपी शेवटी जातो कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं.

यंत्र चालवणारे मामा तिथे सुरुवातीपासूनचे. मालकांशी माझं बोलणं चाललं होतं तेव्हा ते गप्प होते. चहाला बाहेर आल्यावर म्हणाले, “साहेब, एक सांगू का? डीफ्रॉस्टला आपण गॅस बंद करतो आणि नुसते पंखे चालवतो. पूर्वी कॉइलवरचा बर्फ उतरायला बराच वेळ लागायचा. नवीन पंखे आल्यापासून तो भराभर उतरतो. दार बंद, दिवे बंद. मग ऊब येते कुठून?”

पुढची सगळी आकडेमोड मामांच्या या प्रश्नात होती. मी त्यांना तेव्हाच म्हणालो, की मामा, याच प्रश्नापायी एका माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं घातली होती.

जेम्स जूल मँचेस्टरजवळच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. त्याने तांब्याच्या भांड्यात पाणी भरलं, त्यात पाती असलेला दांडा बसवला आणि दोरीला बांधलेली वजनं खाली सोडून तो दांडा फिरवला. वजन किती, किती उंचीवरून उतरलं, ते त्याला मोजता येत होतं. पाणी किती तापलं तेही. अनेकदा वजनं वर ओढून पुन्हा सोडल्यावर पाणी जेमतेम अर्ध्या अंश फॅरनहाइटने तापायचं, आणि तेवढं अचूक वाचता येतील असे थर्मामीटर त्याने करवून घेतले होते. १८५० मध्ये छापलेल्या निबंधात त्याने आकडा दिला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचं तर ७७२ पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं. आज आपण ७७८ धरतो. हाताने केलेल्या त्या प्रयोगाची चूक एक टक्क्याच्याही आत होती. पुढे त्याने पुन्हा मोजून काढलेला ७७२.५५ हा आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. यंत्राच्या माणसाला याहून मोठा मान मला सुचत नाही.

बंद, इन्सुलेशन केलेली खोली आणि आत फिरणारा पंखा हा जूलचाच प्रयोग आहे. पाण्याच्या जागी हवा. पंख्याने हवेला वेग दिला, हवा पेट्यांना घासत गेली, भोवरे झाले, ते विरले, आणि दांड्यावरचा सगळा जोर उष्णता होऊन खोलीतच राहिला. त्यातला थोडासुद्धा भाग बाहेर पडत नाही. मोटर हवेच्या प्रवाहातच बसवलेली, म्हणजे तिची स्वतःची गरमीही आतच. पाटीवरचा एचपी हा दांड्यावरचा. मोटर तारेतून त्याहून जास्त घेते. मी क्लॅम्प मीटर लावून पाहिलं, मोटरी जवळजवळ पूर्ण भारावर होत्या. पाटीवरून हिशेब करू नये तो यासाठी. अर्ध्या भारावरची मोटर अर्धीच उष्णता देते.

दोन्ही खोल्यांचे मिळून साठ एचपी. मोटरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर तारेतून अडुसष्ट. गुणिले ६४१: तासाला ४३,७०० किलोकॅलरी. भागिले ३०२४: साडेचौदा टन. २५ टनांच्या यंत्राचा निम्म्याहून जास्त दम पंख्यांनी घातलेली उष्णता बाहेर टाकण्यात जात होता. भिंती-दाराचे दोन वजा केले की द्राक्षांसाठी उरत होते साडेआठ, आणि हवे होते सोळा. सहाचे बारा तास इथून येत होते.

जुन्या तीस एचपींचा हिशेब केला तर पंख्यांचे सव्वासात टन निघतात. सोळा, दोन आणि सव्वासात: सव्वापंचवीस. मी आधी जे सात टन शिल्लक धरले होते ते शिल्लक नव्हतेच, ज्याने मूळ आराखडा केला त्याने ते पंख्यांसाठी राखले होते. तो कोण होता मला माहीत नाही, पण त्याला एचपी आणि टन एका कागदावर मांडता येत होते.

मग सुरुवातीला सहाचे सात-आठ तास का झाले होते? कारण साधं निघालं. ताडपत्र्या जुन्या होऊन आखडल्या होत्या. पॅलेटच्या कडेला आणि वर फटी राहत, हवा पेट्यांतून जाण्याऐवजी फटीतून पंख्याकडे पळत होती. नव्या ताडपत्र्या, कडांना फोमच्या पट्ट्या, आणि वाढवलेले पंखे काढून टाकायचे, हे मी मालकांना लिहून दिलं. पंखे काढायला ते सहज राजी झाले नाहीत. पैसे घातलेली वस्तू बंद करणं कोणालाही जड जातं. त्यांनी एका खोलीत करून पाहिलं, दुसरीत तसंच ठेवलं. दोन्ही खोल्यांतल्या मण्यांत सळईचा थर्मामीटर खुपसून मामांनी रात्रभर दर तासाला वहीत आकडे लिहिले. दुसऱ्या खोलीचं काम सकाळी सुरू झालं.

नंतर जुन्या पंख्यांना वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवला, आणि या कामात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट तीच. माल थंड होताना उष्णता एकसारखी देत नाही. सुरुवातीला मणी आणि हवा यांच्यात फरक मोठा, तेव्हा एका खोलीचा माल वीस टनांच्या आसपास उष्णता टाकू पाहतो. शेवटच्या तासात फरक दोन-तीन अंशांचा उरतो आणि मालाची उष्णता दोन टनांवर येते. त्या वेळी पूर्ण वेगाचे पंखे त्याच खोलीत साडेतीन टनांहून जास्त घालत असतात. म्हणजे शेवटी आपण द्राक्षांपेक्षा पंख्यालाच जास्त थंड करत बसतो. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला की त्याला लागणारी शक्ती निम्म्यावर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाने बदलते. उतरणीच्या शेवटी वेग खाली आणला की पंख्याची वीज वाचते, शिवाय ती उष्णता उपसायला लागणारी कॉम्प्रेसरचीही.

कॉम्प्रेसरवर आलं की मालकांचा हमखास प्रश्न येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. त्या पॅकहाउसमध्येही आला. “साहेब, तुम्हीच म्हणता एक टन म्हणजे पावणेपाच एचपी. मग २५ टनांना ११८ एचपी लागायला हवेत. आपला कॉम्प्रेसर तीसच घेतो. बाकीचे कुठून येतात?”

कुठूनच येत नाहीत, कारण कॉम्प्रेसर एचपीचं रूपांतर थंडीत करतच नाही. उष्णता आधीच खोलीत आहे, तो ती उचलून बाहेरच्या हवेत नेऊन टाकतो. खोली शून्याच्या आसपास, बाहेर तीस-पस्तीस अंश. एवढी चढण चढवायला टनामागे सव्वा एचपी पुरतो. चढण वाढली की मजुरी वाढते. बर्फ कारखान्यात मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली ठेवावं लागतं, तिथे तेवढ्याच टनांना जास्त एचपी लागतो. एप्रिलच्या भर दुपारी नाशिकलाही लागतो. म्हणून टनाला सव्वा एचपी हा रूपांतराचा आकडा म्हणून पाठ करू नये. ६४१ कायमचा आहे, जूलने तो भांड्यात मोजला. सव्वा हा त्या दिवसाचा, त्या खोलीचा, त्या यंत्राचा.

उलट दिशेचं, म्हणजे उष्णतेतून एचपी काढण्याचं, दुखणं भारनियमनाच्या वर्षांत प्रत्येक पॅकहाउसने सोसलं. जनरेटर रात्रंदिवस चालायचे. एक लिटर डिझेलमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. जनरेटर त्यातून साधारण ३.३ युनिट देतो. ८६० ने गुणलं तर २,८४० च्या आसपास. तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से रेडिएटर आणि धुराड्यातून हवेत. हे यंत्राच्या वाईटपणामुळे होत नाही. उष्णतेतून काम काढताना काही उष्णता खाली टाकावीच लागते, हा निसर्गाचा कायदा आहे. पण त्याच ३.३ युनिटांवर कॉम्प्रेसर चालवला तर मोटरचं नुकसान धरूनही तो खोलीतून दहा हजार किलोकॅलरी उपसतो. डिझेलमध्ये मुळात होत्या त्याहूनही जास्त. आणि तीच वीज पंख्यात घातली तर खोलीत २,८४० किलोकॅलरी येऊन पडतात. एकाच आवारात तीन यंत्रं, तिन्हींना ८६० चा आकडा लागू, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

उष्णतेतून काम काढण्याची ही झीज एका जुन्या एककात कायमची गोठली आहे. एका प्रक्रिया कारखान्यात जुन्या अमेरिकी बॉयलरच्या पाटीवर क्षमता एचपीत लिहिलेली पाहिली. तिथला तरुण इंजिनिअर ती ६४१ ने गुणून वाफेचा हिशेब करायला बसला होता. बॉयलर हॉर्सपॉवर निराळा. त्याचं मूळ १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात: त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनाला एक एचपी द्यायला तासाला सुमारे तीस पौंड वाफ लागायची, म्हणून तेवढी वाफ देणारा बॉयलर एक एचपीचा. उष्णतेत मोजला तर तो तासाला ८,४०० किलोकॅलरींच्या वर जातो, साध्या एचपीच्या तेरापट. म्हणजे वाफेतल्या तेरा हिश्श्यांपैकी एकच चाकापर्यंत पोचायचा. इंजिनं सुधारली, ती इंजिनं भंगारात गेली, पण पाटीवरचं प्रमाण तसंच राहिलं.

सगळं किलोवॉटमध्ये लिहिलं की हे घोटाळे संपतील असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. गणित सोपं झालं हे खरं. पण माझा अनुभव असा की एक जुनी खूण त्यात पुसली गेली. टन आणि एचपी वेगळे होते तोवर कोणती उष्णता आणि कोणता जोर हे नावावरून कळायचं. आता घरच्या एसीच्या पाटीवरही दोन्ही वॉटमध्येच असतात: थंडावा पाच हजारांच्या पुढे, वीज दीड हजाराच्या आसपास. एका नव्या शीतगृहाच्या लोडशीटमध्ये मी कॉम्प्रेसरपुढे ८८ किलोवॉट लिहिलेले पाहिले. २५ टन गुणिले ३.५१७, गुणाकार अगदी बरोबर. पण ती खोलीतून उपसायची उष्णता होती. तारेतून लागणार होते तिशीच्या आतबाहेर. तो कागद तसाच महावितरणकडे गेला असता तर ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा कितीतरी मोठा बसला असता आणि मागणी आकार दर महिन्याला भरावा लागला असता. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांना मी सांगतो, किलोवॉट लिहा, पण प्रत्येक आकड्यापुढे लिहा की हा तारेतला, दांड्यावरचा, खोलीतला की कंडेन्सरवरचा.

कंडेन्सरवरच्या आकड्याकडे अजून फार कमी लोक बघतात. तिथे दोन्ही मोजमापं खरोखर एकत्र येतात: खोलीतून उपसलेले २५ टन, म्हणजे ७५,६०० किलोकॅलरी, अधिक कॉम्प्रेसरचे तीस एचपी, म्हणजे १९,२३०. तासाला ९५,००० च्या जवळ उष्णता आपण छतावरून हवेत सोडून देतो. त्याच आवारात, पन्नास पावलांवर, क्रेट धुण्याच्या हौदाला गरम पाणी द्यायला सहा-सहा किलोवॉटचे दोन हीटर चालू असतात. बारा गुणिले ८६०: तासाला १०,३२०.

सध्या पिंपळगावच्या त्याच पॅकहाउससाठी मी या दोन आकड्यांची गाठ घालतो आहे. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा अमोनिया शंभर अंशांच्या वर असतो. कंडेन्सरच्या आधी त्याच्या वाटेत एक छोटा उष्णताबदलक बसवला तर एकूण उष्णतेचा दहावा हिस्सा तरी साठ अंशांच्या आतबाहेरचं पाणी देण्याइतका गरम असताना काढून घेता येतो. तासाला दहा हजार किलोकॅलरी म्हणजे २५ अंशांचं तीनशे लिटर पाणी ५८ अंशांवर. हीटरची गरज तेवढीच आहे. अडचण वेळेची: कॉम्प्रेसरवर भार असतो संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, क्रेट धुतात सकाळी. त्यासाठी दोन हजार लिटरची इन्सुलेशन केलेली टाकी धरली आहे. मामांनी तिची जागा यंत्रघराच्या पूर्वेच्या भिंतीला सुचवली, तिथून हौदापर्यंतचा पाइप सर्वांत लहान पडतो. बोअरचं पाणी जड आहे, नळ्यांत क्षार बसेल, म्हणून आधी त्याचा नमुना तपासायला दिला आहे. अहवाल आला की नळ्यांचा व्यास ठरवायचा.